चौदावा आकडा

हर्षदा जुवाटकर तेवीस वर्षं एकच आकडा लिहीत आली होती. वीस. सागरवाणी केंद्राचा प्रक्षेपक वीस किलोवॅटचा, आणि त्यातून बाहेर पडणारी शक्ती दर तासाला नोंदवहीत टिपून ठेवायची, असा नियम. पहिली दोन वर्षं ती प्रत्येक तासाला काट्याकडे बघायची. मग सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत दिवसभराचे सगळे ‘वीस’ एकदम लिहून टाकायचे, ही केंद्राची जुनी रीत तिनेही उचलली. काटा कधी हलत नव्हता, त्यामुळे त्यात काही पाप आहे असं तिला वाटत नव्हतं.

केंद्र देवगडच्या दक्षिणेला, समुद्रावर झुकलेल्या कातळी पठारावर, सड्यावर, होतं. एक उंच मनोरा, दोन खोल्या आणि हर्षदा. तंत्रज्ञ तीच, निवेदिका तीच, फरशी पुसणारीही तीच. २०४२ साली रेडिओ ऐकतं कोण, असं शहरातली माणसं विचारत. पण किनाऱ्यापासून पंचवीस मैल आत गेलं की मोबाइल मुका होतो, उपग्रहाचा फोन खलाशांना परवडत नाही, तो फक्त बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या केबिनमध्ये असतो. आणि चार सेलांवर महिनाभर चालणारा मध्यम लहरींचा रेडिओ मात्र प्रत्येक बोटीवर खुंटीला लटकलेला असतो. हवामान, मासळीचा भाव, मंगळवारी संध्याकाळी दशावतार. एवढ्यावर केंद्र तगून होतं.

त्या ऑक्टोबरात एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतून इर्शाद मुकादम नावाचा तरुण शास्त्रज्ञ चार लाकडी पेट्या घेऊन आला. मूळचा दापोलीकडचा, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ‘मॅडम’चं ‘ताई’ झालं आणि ‘साहेब’चं ‘इर्शाद’. नवं शक्तिमापक त्याला एका साध्या, जुन्या, एकट्या प्रक्षेपकावर तपासून पाहायचं होतं.

‘‘तुम्ही शक्ती कशी मोजता, ताई?’’ त्याने विचारलं.

‘‘पाणी तापवून,’’ हर्षदा म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. वर्षातून एकदा मनोऱ्याची जोडणी सोडवायची, प्रक्षेपकाची सगळी शक्ती एका जाड रोधकात घालायची आणि त्याच्याभोवती पाणी फिरवायचं. मिनिटाला दहा लिटर पाणी गेलं आणि ते अठ्ठावीस-एकोणतीस अंशांनी तापलं, की समजायचं वीस किलोवॅट बरोबर आहेत. मग त्याच पाण्याने ती दोन्ही खोल्या धुऊन काढी.

इर्शादच्या पेट्यांत काचेच्या चार कुप्या होत्या, आणि कुप्यांत रुबिडियम धातूची विरळ वाफ. लेझरचा प्रकाश सोडला की त्यातल्या अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन दूर ढकलला जाई आणि अणू नेहमीपेक्षा हजारो पटींनी फुगे. असा फुगलेला अणू फार हळवा असतो. रेडिओची लहर त्याच्यावरून गेली की तो कोणत्या रंगाचा प्रकाश गिळणार, ते बदलतं. आणि रंग तर माणसाला कमालीच्या बारकाईने मोजता येतो. शिवाय रुबिडियमचा अणू दापोलीत काय आणि दिल्लीत काय, सारखाच. तो झिजत नाही, गंजत नाही. मनोऱ्याच्या चार बाजूंना चार कुप्या बसल्या, आणि तेवीस वर्षं ‘वीस’ असलेला आकडा पडद्यावर चौदा अंकी होऊन उभा राहिला.

पहिले दहा अंक दगडासारखे स्थिर होते. शेवटचे चार मात्र सतत हलत होते.

इर्शाद वैतागला. पूर्ण वीस हजार वॅट यायला हवेत, तर कायम काहीतरी तूट. तूट तरी किती? एका वॅटचे काही हजार अब्जांश. त्याने केबल बदलल्या, खाऱ्या हवेला दोष दिला, मनोऱ्याखालची तांब्याची तार उकरून पाहिली. हर्षदाने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘शेवटचे चार सोडून दे. आम्ही तर पहिल्या दोनांच्या पुढचे सगळेच सोडतो.’’

पण मंगळवारी तिच्या हातून एक घोटाळा झाला. दशावताराचा मागच्या आठवड्यातलाच भाग तिने पुन्हा लावला. संकासुराची एंट्री झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि जीभ चावत तिने सहज पडद्याकडे पाहिलं. तूट भराभर कमी होत होती. नऊ हजारांवरून सात, सातावरून पाच.

‘‘इर्शाद,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘हे लोक रेडिओ बंद करतायत.’’

तो हसला. मग हसायचा थांबला. तिने योग्य भाग शोधून लावला, माफी मागितली, आणि दोघं पडद्यासमोर बसून राहिली. तूट वाढू लागली. पाच हजार. सहा. आठ. संकासुर नव्याने रंगात आला तेव्हा पुन्हा नऊ हजारांवर.

त्याला दोन दिवस लागले गणित मांडायला, पण अर्थ तिला त्याच संध्याकाळी कळला होता. मनोऱ्यावरून सुटलेली लहर परत येत नाही, असं तिला शिकवलं होतं. ते अगदी खरं नव्हतं. कुणी रेडिओची कळ फिरवून केंद्र लावतो, तेव्हा त्या रेडिओतलं तारेचं वेटोळं लहरीतला एक घोट पिऊन टाकतं, आणि त्या घोटाचा पुसटसा धक्का मागे, मनोऱ्यापर्यंत पोचतो. एका रेडिओचा घोट म्हणजे वॅटचा अब्जावा हिस्सा. चौदावा आकडा. तेवीस वर्षं नोंदवहीत जे तिने लिहिलंच नव्हतं, ती माणसं होती.

त्या रात्री घरी जाताना हर्षदाला रडू आलं, आणि का ते तिला नवऱ्याला सांगता आलं नाही. रिकाम्या खोलीत मायक्रोफोनसमोर बोलायचं, कुणी ऐकतंय की नाही ते देवाला ठाऊक, हा तिचा धंदा. आता तिने ‘नमस्कार’ म्हटलं की हजारो जण जरासे पुढे सरकतात, ते डोळ्यांना दिसत होतं. एवढं मोठं काहीतरी आपल्या चहाच्या कपाशेजारी इतकी वर्षं बसून होतं, याची तिला भीतीही वाटली.

इर्शादला वेगळी भीती वाटत होती. लहर जायला आणि धक्का परत यायला किती वेळ लागतो ते मोजून त्याला अंतर कळू लागलं, आणि चार कुप्यांमधल्या फरकावरून दिशा. म्हणजे नुसती संख्या नाही. गर्दी विरळ असली तर कोणता रेडिओ कुठे आहे, तेही.

‘‘हे मी अजून कुणाला कळवलेलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘ताई, जगात असे देश आहेत, जिथे परक्या देशाचं केंद्र ऐकलं म्हणून माणसाला उचलून नेतात. आजवर बोलणारा सापडायचा. ऐकणारा कधी सापडत नव्हता. हे बाहेर आलं की तोही सापडेल.’’

‘‘मग काय करणार?’’

‘‘कुप्या फोडून टाकाव्यात, असं रोज सकाळी वाटतं,’’ तो म्हणाला, आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसला. त्याला नजर काढता येत नव्हती, हेही तितकंच खरं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ उठलं. सोमवारी पहाटे हर्षदाने इशारा वाचला: सर्व बोटींनी तात्काळ परत फिरावं. मंगळवारी दुपारपर्यंत बहुतेक बोटी बंदरात शिरल्या, एकतीस वाटेवर होत्या, आणि तीन वाजता मानसी सड्यावर धापा टाकत आली. मानसी म्हणजे हर्षदाच्या धाकट्या भावाची, रुपेश कोयंडेची बायको.

‘‘वन्सं, सगळ्यांच्यो बोटी इल्यो, नायतर वाटेर आसत. आमचीच इली नाय. काल दुपारपासून फोन लागना नाय.’’

हर्षदाला पहिल्यांदा आठवलं ते चार वर्षांपूर्वीचं. तेव्हाही तिने असाच इशारा वाचला होता. रुपेश जाळी तोडून, भरली मासळी समुद्रात सोडून परत आला, आणि वादळ ओमानकडे निघून गेलं. सगळ्या जेटीसमोर तो तिला म्हणाला होता, ‘‘ताय, आजपासून तुझो आवाज माझ्या कानात पडूचो नाय.’’ त्यानंतर चार भाऊबिजा कोरड्या गेल्या. ती दर वर्षी निरांजन लावी आणि दुसऱ्या दिवशी घासून ठेवी.

‘‘त्येच्या बोटीर रेडियो आसा?’’ तिने विचारलं.

‘‘आसतलो. पण ह्यांनी तुमचा केंद्र घरात कधी लावूक दिल्यानी नाय,’’ मानसी खाली बघत म्हणाली. ‘‘तुमी सांगितलास म्हणून ते मागे फिरतले, असा माका नाय वाटत. तटरक्षकवाले पण तसाच म्हणतत. थयच शोधतत, एकशेदहा किलोमीटरार, नेहमीच्या जाग्यार.’’

हर्षदाने इर्शादकडे पाहिलं. तो आधीच पडद्यासमोर बसला होता आणि मान हलवत होता.

‘‘समुद्राच्या बाजूला एकही रेडिओ वेगळा काढता येत नाही. वादळ आहे ना, अख्खा किनारा रेडिओ लावून बसलाय. चौदा हजार. या गर्दीत एका बोटीचा घोट कसा दिसणार? आणि तो तुमचं केंद्र ऐकत नसेल, तर तो त्यात नसणारच.’’

‘‘गर्दी नसली तर?’’

इर्शादला कळायला क्षणभर लागलं. मग त्याचा चेहरा उतरला. किनाऱ्याला रेडिओ बंद करायला सांगायचं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की आपण ऐकणाऱ्याला बघू शकतो, हे साऱ्या जगाला कळणार. शिवाय वाटेवरच्या एकतीस बोटी वादळात बहिऱ्या होणार. हर्षदाने मुख्यालयाला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की असा कोणताही प्रकार करू नये, लेखी परवानगीसाठी अर्ज पाठवावा. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

‘‘इर्शाद, मशीन तुझं आहे. मायक्रोफोन माझा आहे. मी बोलणार आहे. तू नको म्हणालास तरी बोलणार आहे. पण तू हो म्हणालास तर मला बरं वाटेल.’’

त्याने खिडकीबाहेर, कुप्यांच्या दिशेने पाहिलं. वाऱ्याने मनोऱ्याच्या ताणतारा वाजत होत्या.

‘‘बोटीत किती जण आहेत?’’ त्याने विचारलं.

‘‘चार,’’ मानसी म्हणाली.

‘‘बोला, ताई.’’

हर्षदाने लाल दिवा लावला. आधी एकतीस बोटींसाठी वारा, लाटा आणि बंदराची वाट दोनदा वाचली. मग कागद बाजूला ठेवला आणि घरात बोलावं तशी बोलली. रुपेश कोयंडेची बोट परत आलेली नाही. आमच्याकडे एक यंत्र आहे, त्याला रेडिओ ऐकणारा दिसतो. तुम्ही सगळे दिसता. ‘‘तुम्हांका न विचारता आमी बघलव, त्याची माफी मागतंय. पण आता वीस मिनिटां सगळ्यांनी रेडियो बंद करा. वीस मिनिटांनी परत लावा. बोटीवाल्यांनी पण. रुपेश, तू मात्र बंद करू नको. चालू आसात तर चालूच ठेव.’’

तिने मायक्रोफोन झाकला. चार वर्षांपूर्वी या किनाऱ्याने तिच्या एका इशाऱ्यावर आपली मासळी सोडली होती आणि नंतर वर्षभर तिची टिंगल केली होती. आता तिचं कोण ऐकणार?

पडद्यावरचा आकडा हलला. चौदा हजार दोनशे. चौदा हजार. मग एकदम अकरा. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांत, दुकानांत, बंदरांत, बोटींच्या केबिनींत माणसं हात लांब करून कळ फिरवत होती. आठ हजार. साडेतीन हजार. मानसीने हर्षदाचा दंड घट्ट धरला. नऊशे. दोनशे दहा. एका बाईच्या शब्दावर अख्खा किनारा गप्प होत होता, आणि त्या गप्प होण्याचा एकेक आकडा तिच्यासमोर पडत होता. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. साठ. सतरा. चार.

दोन.

‘‘एक जमिनीवर आहे,’’ इर्शाद कुजबुजला. ‘‘पूर्वेला, दोन किलोमीटर. अगदी चिकटून बसलाय.’’

हर्षदाने कपाळावर हात मारला. ‘‘माझ्या स्वयंपाकघरातला. सकाळी बंद करायला विसरले. घरी कुणी नाही. दुसरा?’’

इर्शादने दोनदा बघितलं. ‘‘पश्चिमेला. समुद्रात. पण ताई, इतक्या बारीक धक्क्यावरून अंतर नीट कळत नाही, चाळीसही असेल नि नव्वदही. तो रेडिओ चालू-बंद झाला तर फरक वजा करता येईल. जितक्या वेळा होईल तितकी चूक कमी. आणि ठरावीक वेळी व्हायला हवा, म्हणजे माणूसच करतोय हे कळेल.’’

ठरावीक वेळी. तिकडे वादळात कुणाला घड्याळ बघायला सांगायचं? हर्षदाने विचार केला, आणि मग विचार करायची गरजच राहिली नाही. देवळापुढे गाऱ्हाणं घालताना मानकरी एक वाक्य म्हणतो, थांबतो, आणि जमलेली सगळी मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कुठे थांबायचं आणि कुठे उत्तर द्यायचं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. गाऱ्हाणं घालणारे बहुधा पुरुषच असतात. पण देवळात मायक्रोफोन तिच्या हातात नव्हता, इथे होता.

तिने मायक्रोफोन पुन्हा उघडला. ‘‘रुपेश, नीट आयक. मी गाऱ्हाणा घालतंय. जेवां ‘व्हय म्हाराजा’ म्हणूचा आसता, तेवां तुझो रेडियो बंद कर, पाच मोज, आणि परत लाव.’’

तिने डोळे मिटले.

‘‘बा दर्याच्या धन्या म्हाराजा, आज तुझा एक लेकरू तुझ्या पोटात अडकला हा म्हाराजा...’’

ती थांबली. पडद्यावर दोनचा एक झाला. एक, दोन, तीन, चार, पाच. एकचा दोन झाला.

‘‘व्हय म्हाराजा!’’ मानसी किंचाळली, आणि तिने तोंडावर हात दाबून धरला.

‘‘तेची बोट बंद पडली आसात, ईज पडान फोन जळलो आसात, तर तां तुझ्या कानार येवंदे म्हाराजा...’’

एक. पाच मोजेपर्यंत एकच. मग दोन.

‘‘बोटीर चार जाणा आसत, चारय जाणा जिती आसत म्हाराजा...’’

या वेळी तिला थांबणं जड गेलं. आकडा हलेना. मानसीची नखं दंडात रुतली. मग दोनचा एक झाला, आणि पाच मोजून पुन्हा दोन.

इर्शाद पुटपुटत होता. ‘‘अजून. अजून, ताई.’’ ती गाऱ्हाणं घालत गेली. वाऱ्यासाठी, बोटीच्या पुढच्या टोकासाठी, नाळीसाठी, वडिलांच्या नावाने, घरच्या देवाच्या नावाने. बोलू न शकणारा माणूस केवळ ऐकण्यातून उत्तर देत होता. अंतरातली चूक तीस किलोमीटर होती ती दहा झाली, दहाची चार. सोळाव्या वाक्यानंतर इर्शादने कागदावर आकडे लिहिले आणि तटरक्षक दलाच्या फोनवर ते वाचून दाखवले. पलीकडच्या अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, कारण त्यांचं जहाज त्याहून कितीतरी पुढे शोधत होतं.

‘‘एकसष्ट किलोमीटर,’’ इर्शाद ठासून म्हणाला. ‘‘एकशेदहा नाही. एकसष्ट.’’

फोन ठेवल्यावर मानसी सावकाश म्हणाली, ‘‘एकशेदहावरना एकसष्ट... एवढा अंतर बोट आपसूक वाहान येवची नाय, वन्सं. वारो तर उलटो आसा.’’

हर्षदाला ते तिच्याआधी समजलं होतं. काल पहाटे तिने इशारा वाचला. रुपेशने तो ऐकला, जाळी ओढली की पुन्हा तोडली देव जाणे, आणि नाळ घराकडे वळवली. पन्नास किलोमीटर तो तिच्या शब्दावर आला होता. मग बोट बंद पडली. चार वर्षं त्याने बायकोला घरात केंद्र लावू दिलं नाही, आणि तिकडे समुद्रात, जिथे बघायला कुणी नव्हतं, तो आपल्या बहिणीचा आवाज रोज ऐकत होता. ऐकणारा कुणाला सापडत नाही, या भरवशावर.

वीस मिनिटं संपली. तिने किनाऱ्याला वेळ झाल्याचं सांगितलं, बोटींसाठी वारा पुन्हा वाचला, आणि रेडिओ लावायला हरकत नाही म्हणाली. एकतीस बोटींचे आकडे लगेच परतले. किनाऱ्यावरचं मात्र कुणीच रेडिओ लावीना. तिने आत्ता जे सांगितलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नसणार, कारण रेडिओ बंद होते, हे इर्शादच्या लक्षात आलं. पण घड्याळं तर सगळ्यांकडे होती. बोट सापडेपर्यंत ते मुद्दाम थांबले होते. पावणेसहाला जहाजाचा निरोप आला: चौघं सापडले, चौघं ठीक आहेत, वर घेतलं आहे.

मानसी जमिनीवर बसून मोकळेपणाने रडली. इर्शाद बाहेर जाऊन कुप्यांजवळ उभा राहिला. उद्या फोन येतील, परवा मोठी माणसं येतील, आणि ऐकणाऱ्यांना लपायला जागा उरेल अशी काही युक्ती आता त्यालाच शोधावी लागणार होती. ते सगळं उद्या.

बंदराबंदरांतल्या भोंग्यांनी गावागावांत बातमी गेली. हर्षदा पडद्यासमोर एकटी होती. आकडा चढू लागला. दोनशे. दोन हजार. सहा हजार. कुठे कुणी कळ फिरवत होतं, कुठे कुणी हाक मारून शेजाऱ्याला सांगत होतं. अकरा हजार. सोळा हजार. यंत्र बसल्यापासून इतकी माणसं कधी ऐकत नव्हती; वीस हजार वॅटची लहर त्या सगळ्यांनी मिळून जराशी ओढून धरली होती. रुपेशचा एक आकडा असलाच, तर त्या गर्दीत केव्हाच मिसळून गेला होता. जहाजावर त्याच्या हातात रेडिओ आहे की बोटीबरोबर रेडिओही गेला, हे आता कोणत्याही यंत्राने सांगता आलं नसतं.

तिने ते शोधलंही नाही. लाल दिवा लावला, घसा साफ केला, आणि नेहमी ‘श्रोते हो’ म्हणायची ती आज म्हणाली, ‘‘रुपेश, शुक्रवारी भाऊबीज आसा. जेवूक ये.’’